नकार द्यायला कोणी मिळेना

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला त्याच दुपारी जज वेंडेल प्रुइट यांनी लग्नाच्या परवान्याची खिडकी बंद करून टाकली. त्या खिडकीमागे मी बसत असे. टॅलो काउंटीत ज्याचं म्हणून लग्न झालं, त्याला परवाना माझ्या हातून मिळाला होता. जज म्हणजे आमच्याकडे खून-दरोड्याचे खटले चालवणारा नव्हे. मृत्युपत्रं, वारसे, लग्नं बघणारा आणि दर निवडणुकीत मतं मागत फिरणारा माणूस.

त्या निकालामुळे दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्नाचा परवाना नाकारायची आता सोय राहिली नव्हती. पण अलाबामाच्या कायद्यात एक गंमत होती. जज परवाना 'देऊ शकतो' असं त्यात लिहिलं होतं, 'दिलाच पाहिजे' असं नव्हतं. वेंडेलनी रात्रभर विचार करावा असा हा मुद्दा नव्हता, तो त्यांना पाच मिनिटांत सुचला: कोणालाच द्यायचा नाही. कोणालाच नाही म्हणजे कोणावर अन्यायही नाही.

"नोरीन, शटर ओढ," ते मला म्हणाले. "आपल्या काउंटीत लग्न हा प्रकार बंद."

दुसऱ्या दिवसापासून कोर्टासमोरच्या हिरवळीवर माणसं जमायला लागली. बहुतेक आमच्याच बाप्टिस्ट चर्चमधली. जजसाहेबांना पाठिंबा द्यायचा आणि तसलं जोडपं आलंच तर त्याला पायरीवरच अडवायचं, असा बेत. हातात फलक, सोबत उकडलेल्या शेंगा, बर्फ घातलेला गोड चहा. पण आमच्याकडचं जूनअखेरचं ऊन असं की पहिल्याच दिवशी दोघांना भोवळ आली. मग मांडव घालायचं ठरलं, आणि मांडव म्हटलं की आमच्याकडे ग्रेडी हॉब्ज आणि लायनेल टीग.

काउंटीतल्या झाडून सगळ्या लग्नांना मांडव आणि खुर्च्या त्यांच्याच. दोघंही साठीच्या पुढचे, तरी लोक त्यांना 'ती मुलं' म्हणायचे. लाकडाच्या गिरणीपलीकडे एका घरात ते माझ्या लग्नाआधीपासून राहत होते. भाडं वाचवायला एकत्र राहतात बिचारे, असं आम्ही म्हणत असू. घर त्यांच्या मालकीचं होतं. त्यापुढे कोणी काही म्हणत नसे आणि विचारत तर मुळीच नसे.

तर ती मुलं आली, त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोर ताणले, खुर्च्या मांडल्या. पुरुषाचं पुरुषाशी लग्न होऊ द्यायचं नाही म्हणून जमलेली मंडळी त्यांनी घातलेल्या सावलीत बसली आणि त्यांना 'देव तुमचं भलं करो' म्हणाली.

आणि मग कोणी आलंच नाही.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. फलकांवरचा रंग उडाला, तो पुन्हा दिला. एकदा दोन अनोळखी पुरुष एकाच गाडीतून उतरून पायऱ्या चढायला लागले, तेव्हा सगळा मांडव उठून उभा राहिला आणि भजन सुरू झालं. ते दोघं मेव्हणे-मेव्हणे निघाले. मासेमारीचा परवाना हवा होता त्यांना, तोही आमच्याच कचेरीत मिळतो. जाताना त्यांच्या हातात शेंगांच्या पिशव्या देऊन माफी मागावी लागली. बाकी येत होती ती नेहमीची जोडपी. पोरी बंद शटर बघून रडायच्या, त्यांच्या आया मला बोलायच्या, आणि मग सगळी वरात शेजारच्या काउंटीकडे वळायची.

ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमहून टीव्हीवाले आले. त्यांनी मांडव टिपला, भजन टिपलं आणि वेंडेलना विचारलं, आतापर्यंत किती जणांना नकार दिलात? वेंडेलनी घसा साफ केला. म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण किती? तत्त्वाचा, ते पुन्हा म्हणाले.

हे डॉइल क्रेन्शॉने ऐकलं. डॉइलचं पेंडीचं दुकान होतं आणि पुढच्या निवडणुकीत त्याला वेंडेलच्या खुर्चीत बसायचं होतं. तो गावभर सांगत सुटला की पलीकडच्या काउंटीतल्या जजने तीन-तीन जोडपी परत पाठवली, आणि आपल्या प्रुइटने एकही नाही. नुसतं शटर ओढून बसायला काय अक्कल लागते? ते तर माझं पोरगंही दुकानात करतं.

वेंडेलना जेवण जाईना. एके दिवशी दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि गाडी काढ म्हणाले. कुठे जायचंय ते सांगेनात. लाकडाच्या गिरणीपाशी आल्यावर वळ म्हणाले, तेव्हा मला कळलं कुठे ते.

लायनेल ओसरीवर वाटाणे सोलत होता. ग्रेडी खाली बसून कॅनव्हास शिवत होता. वेंडेल आधी हवेबद्दल बोलले, मग मांडवाच्या कापडाबद्दल, मग कसेबसे मुद्द्यावर आले. इतकं आडवळणाने बोलले की ग्रेडीला ते पुन्हा सरळ करून घ्यावं लागलं.

"म्हणजे आम्ही दोघांनी यायचं, परवाना मागायचा, आणि तू नाही म्हणणार."

"हो."

"आणि मग?"

"मग काही नाही. घरी जायचं."

ग्रेडीने सुई कापडात टोचून ठेवली. "आणि हे तू आम्हांला का सांगतोयस, वेंडेल?"

"दुसरं कोणी नाहीये काउंटीत."

"दुसरं कोणी काय नाहीये?"

वेंडेलचे कान लाल झाले. त्या सबंध काउंटीत इतक्या वर्षांत तो शब्द कोणी उच्चारला नव्हता आणि त्यांनाही तो जमेना. शेवटी लायनेलच वाटाण्यांवरून नजर न काढता बोलला.

"आपल्यासारखं, ग्रेडी. आपल्यासारखं दुसरं कोणी नाहीये, असं म्हणतोय तो."

मी उठून गाडीत जाऊन बसावं का, असा विचार करत होते. मग ग्रेडी लायनेलकडे वळला.

"तुला करायचंय का?"

"काय?"

"लग्न."

"तू कधी विचारलंस?"

"आत्ता विचारतोय."

"वेंडेलसमोर?"

"वेंडेलनेच काढला विषय."

लायनेलने मांडीवरचं भांडं खाली ठेवलं. करायचंय, म्हणाला, पण खरं करायचंय. नकार घ्यायला म्हणून नटूनथटून येणार नाही. येईन तो परवाना घ्यायला येईन.

"मला नाहीच म्हणावं लागेल, लायनेल," वेंडेल म्हणाले.

"ते तुझं तू बघ."

परत येताना वेंडेलनी मला विचारलं, "नोरीन, मी आत्ता काय केलं?"

"तुम्ही लग्न जुळवलंत," मी म्हटलं.

त्यानंतर काउंटीच्या वकिलाने नवीनच घोळ काढला. खिडकी सगळ्यांना बंद आहे, मग या दोघांना वेगळा नकार द्यायचा कसा? बंद खिडकीतून नकार देता येत नाही. नाही म्हणायचं तर आधी ती उघडावी लागेल. म्हणून मग गुरुवारी सकाळी, फक्त तेवढ्यापुरती, खिडकी उघडायचं ठरलं. पण 'तेवढ्यापुरती' हा भाग गावात पोचला नाही. खिडकी उघडणार एवढंच पोचलं.

गुरुवारी मी गेले तर रांग पायऱ्या उतरून हिरवळीवरून फिरून मांडवात शिरलेली. उन्हाळाभर अडकलेली सगळी जोडपी, कडेवर पोरं घेतलेल्या दोन-तीन नवऱ्या, टीव्हीची गाडी, भजनी मंडळी. मांडवातली माणसं रांगेतल्या आपल्याच नातेवाइकांना चहा देत होती. ग्रेडी आणि लायनेल रांगेत दुसरे होते. दोघांचे कोट इस्त्रीचे. लायनेलने केस कापून घेतले होते, मानेवर गोरा पट्टा दिसत होता.

हे काम मीच करणार, म्हणत वेंडेल माझ्या खुर्चीत बसले. त्यांनी शटर वर केलं. समोर त्यांची आई.

मिस ओलीटा जांभळी टोपी घालून उभी होती आणि तिच्यामागे हर्शेल, आमच्या चर्चचा पियानो सुरात लावून देणारा विधुर म्हातारा, टाय सारखा करत होता.

"आई, तू इथे काय करतेस?"

"सगळे करतायत तेच. हर्शेल, पुढे ये असा, दिसत नाहीस त्याला."

"तू मला काही बोलली नाहीस."

"बोलणारच होते. त्याच आठवड्यात तू खिडकी बंद केलीस. म्हटलं, पोराचं तत्त्व आहे, कशाला मध्ये या. पण आता माझ्या वयाला किती थांबायचं, बाळा?"

वकील मागून वेंडेलच्या कानाशी लागला. एकाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल, आईलाही नाही म्हणा. मिस ओलीटाला कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं.

"म्हण की नाही," ती म्हणाली. "तुझ्या बापाशी लग्न करायला मी याच खिडकीत उभी होते. तेव्हा कोणी अडवलं असतं तर त्याचे उपकार झाले असते. पण या वेळी माणूस बरा आहे."

टीव्हीचा कॅमेरा त्यांच्या दोघांच्या मधोमध आला होता. वेंडेलनी परवान्यावर सही केली. मांडवातून असा जल्लोष उठला की काय सांगू. स्त्री आणि पुरुष, चांगलं जोडपं, तेही प्रुइटांच्या घरातलं. भजनी मंडळींनी म्हातारीला गराडा घातला, कोणी तिचे मुके घेतले, गाणं सुरू झालं, आणि कॅमेरावाला धावत तिच्यामागे हिरवळीवर गेला.

खिडकीत ग्रेडी आणि लायनेल आले.

"परवाना पाहिजे," लायनेल म्हणाला. "आम्हां दोघांचा."

वेंडेल त्यांच्याकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. इतकं हळू की मी शेजारी उभी असून मला ओठांवरून कळलं.

लायनेलला ते माहीतच होतं. ओसरीवरच ठरलेलं होतं. तरी त्याचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. त्याने मान हलवली, कोटाचं बटण लावलं आणि दोघं मागच्या दाराने निघून गेले. वेंडेलनी शटर ओढलं. बाहेर रांग ओरडायला लागली. तेवढ्यात टीव्हीवाला धापा टाकत आत आला आणि विचारू लागला, झाला का नकार? पुन्हा एकदा देता येईल का?

मी माझी पर्स उचलली आणि मागच्या दाराने त्यांच्या ट्रकपाशी गेले. साक्षीदार लागेल, म्हटलं. दोघांच्या मध्ये, पायांशी खुंट्यांची पेटी, अशी बसून मी शेजारच्या काउंटीत गेले. तिथल्या मुलीने मानही वर न करता परवाना दिला. एका निवृत्त जजने कोर्टाच्या व्हरांड्यातच लग्न लावलं. ग्रेडी रडला, लायनेल नाही. मग आम्ही तळलेला कॅटफिश खाल्ला आणि परत आलो, कारण मिस ओलीटाच्या लग्नासाठी जास्तीच्या खुर्च्या लागणार होत्या.

रात्री टीव्हीवर दिसलं ते एवढंच: लग्न बंद करणाऱ्या जजने स्वतःच्या आईला परवाना दिला. डॉइलला आणखी काय हवं होतं? प्रुइटने घरच्यांसाठी खिडकी उघडली, आणि नकार तर दिलाच नाही, कोणी पाहिला? खरंच कोणी पाहिला नव्हता. मी पाहिला होता, पण मी कचेरीतली, माझं कोण ऐकणार.

म्हणून वेंडेल पुन्हा गिरणीपलीकडे गेले. या वेळी एकटे. नंतर ग्रेडीने मला सांगितलं, वेंडेल ओसरीच्या पायरीवर उभं राहून हातातली टोपी फिरवत म्हणाला, तुम्हीच लोकांना सांगा ना, मी नाही म्हटलं होतं म्हणून. ग्रेडी त्याला हाकलणार होता. लायनेलनेच थांबवलं.

निवडणुकीच्या आधीच्या सभेत, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, लायनेल उठून उभा राहिला. हॉल गच्च भरला होता.

"डॉइल म्हणतो तसं नाहीये," तो म्हणाला. "वेंडेलने नकार दिला. मी आणि ग्रेडी लग्नाचा परवाना मागायला गेलो होतो. तुम्हांला सगळ्यांना आम्ही माहीत आहोत. तुमच्या पोरींच्या लग्नांत खुर्च्या मांडल्यात आम्ही. आम्हांला तो नाही म्हणाला, माझ्या तोंडावर म्हणाला. मी खोटं बोलत नाही."

आणि खाली बसला.

मागच्या बाजूला काही जणांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नकार दिल्याबद्दल त्या वाजवायच्याच होत्या, त्यासाठीच तर उन्हाळा घालवला होता. पण टाळ्या वाजवताना प्रत्येक जण लायनेलकडे बघत होता, आणि त्या मध्येच थांबल्या. कोणी तरी हात मांडीवर ठेवले, कोणी खोकलं. मग मिस ओलीटा पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, तिला वाटलं हळूच विचारतेय, "मग शेवटी झालं का रे मुलांनो तुमचं?"

"झालं, मिस ओलीटा," ग्रेडी म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "केक कोणी केला होता?"

वेंडेल निवडून आले, थोडक्या मतांनी. हॉलमधून बाहेर पडताना त्यांनी लायनेलचे आभार मानले. लायनेल म्हणाला, आभार नकोत, जे झालं ते सांगितलं. त्यानंतर पुष्कळ दिवस वेंडेल चर्चमध्ये ग्रेडी-लायनेलच्या बाकाकडे न बघता जात. माझी खिडकी काही उघडली नाही. असे हटून बसलेले जज राज्यात आणखीही होते, म्हणून पुढे सरकारने परवाना ही भानगडच रद्द केली. आता लोक कागद भरतात, सह्या करतात आणि जमा करतात, नाही म्हणायचं काम कोणालाच उरलं नाही.

लायनेल गेल्या हिवाळ्यात गेला, फुप्फुसांच्या आजाराने. शेवटी त्याला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. मी ग्रेडीसोबत गेले होते. अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सने अडवून विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण?

"नवरा," ग्रेडी म्हणाला.

तिने बाजूला होऊन दार धरलं आणि म्हणाली, मग आत चला, ते मघापासून तुमचीच चौकशी करतायत. मी बाहेर बाकावर बसून राहिले.