सीवर काही आहे का?

बुरुलनं नवा लॅपटॉप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि ताबाल्डी काही बोलायच्या आतच म्हणाली, "डिस्कचे दोन भाग कर."

नारिनच्या बाजारात ताबाल्डीचं काड्यापेटीएवढं दुकान होतं, आणि गावातले निम्मे संगणक त्याच्या हातून दुरुस्त होऊन गेलेले होते. त्यानं झाकण उघडलं. पडद्यावर डिस्कचा एकच भलामोठा भाग, सी, दिसत होता.

"कशाला, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "आता असं कोणी करत नाही. डिस्क गेली तर दोन्ही भाग एकदमच जातात."

"माझी लेकही तेच सांगते, अल्माटीत बसून. सगळं म्हणे इंटरनेटवर ठेव. उद्या मी आत-बाशीच्या वर कुरणावर चाललेय. तिथं फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते."

"मग वेगळी डिस्क घ्या एखादी."

"घेतलीय. तरी कर."

ताबाल्डी हसला आणि कामाला लागला. या बाईपुढे कोणाचं काही चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. मयताच्या घरी बायका गातात ती गाणी बुरुल बावीस वर्षं म्हाताऱ्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून आणत होती. त्यातल्या बहुतेकजणी आता मातीआड गेल्या होत्या. कुरणावरची म्हातारी नव्वदीची होती, म्हणून उद्याच जायचं होतं. जुना लॅपटॉप दर दोन वर्षांनी मान टाकायचा. ताबाल्डी सी पुसून विंडोज नव्यानं टाकायचा, आणि डीवरची गाणी जिथल्या तिथं राहायची. इथं सगळ्यांचा हिशेब सरळ होता, सी यंत्राचा आणि डी आपला.

"सीला किती ठेवू?"

"यंत्राला लागेल तेवढं. बाकी मला. आणि डेस्कटॉप डीवर ने."

ताबाल्डीचा हात माऊसवर थांबला. डेस्कटॉप सीवर असतो हे त्याच्या गिऱ्हाइकांना माहीतच नसायचं. जे डोळ्यांसमोर दिसतं ते कुठल्या भागात आहे असा विचार कोण करतो?

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कळलं."

त्याला तीन वर्षांपूर्वीची बुरुल आठवली. नवरा, ओसमोन, जाऊन नुकतेच चाळीस दिवस झाले होते. सीवर काही आहे का, असं त्यानं पुसण्याआधी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, आणि माझं सगळं डीवर असतं, असं ती म्हणाली होती. काम झाल्यावर ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. बंद करून परत चालू कर म्हणाली, तेही दोनदा. मग ओतलेला चहा तसाच ठेवून निघून गेली. दुःखात आहे बिचारी, असं त्याला वाटलं होतं.

"एजे, त्या वेळी डेस्कटॉपवर काय होतं?"

बुरुलनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"ओसमोनचा आवाज. तासभर बोलला होता, दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी. हाताशी असावा म्हणून समोरच ठेवला होता."

ताबाल्डीनं माऊस सोडला. "मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"काय बोलणार? तू विचारलं होतंस. मीच नाही म्हटलं."

त्यानं डेस्कटॉप डीवर नेला. बुरुलनं खुर्ची पुढे ओढली, डेस्कटॉपवर एक रिकामा फोल्डर केला, त्याला ओसमोनचं नाव दिलं. मग डी उघडून बघितला. फोल्डर तिथं होता.

"आता यात काय टाकणार?" त्यानं हळूच विचारलं.

"काही नाही. जागा असू दे त्याची."

या खेपेला तिनं चहा घेतला, आता पुरे म्हणून वाटी पालथी घातली आणि लॅपटॉप पिशवीत भरला. दारात एक जाडजूड गृहस्थ जुना संगणक काखेत मारून उभा होता. तिनं त्याला वाट दिली आणि पायऱ्या उतरू लागली.

"सीवर काही आहे का?" मागून ताबाल्डीचा आवाज आला.

"छे. टाक पुसून," गृहस्थ म्हणाला.

बुरुलचा पाय पायरीवर थांबला.

"पुसतो," ताबाल्डी म्हणाला. "आधी डेस्कटॉप दाखवा."