गजकर्णाचा इलाज कोणाकडे आहे?

माझ्या नवऱ्याने, मॅलकीने, गजकर्णाचा इलाज त्या इंग्रज बाईला सांगून टाकला, हे मला पॅकी गॅफनीच्या वासरामुळे कळलं. वासराच्या मानेवर हे एवढाले गोल चट्टे. पॅकी त्याला दोरीला धरून आमच्या फाटकावरून सरळ पुढे निघाला, तेव्हा मी ओरडले, "अरे पॅकी, इकडे! डोळे फुटले का?"

"डोळे शाबूत आहेत, डिंफना. पण इलाज आता त्या बाईंकडे गेलाय ना. मॅलकीच म्हणाला काल. तिकडेच चाललोय."

मी हातातली बादली दारातच आपटली.

आमच्या लीट्रिम परगण्यात अर्ध्याअधिक घरांत कसला ना कसला इलाज असतो. कुणाकडे भाजल्याचा, कुणाकडे लचकेचा. एकाकडे उचकीचा आहे आणि तो स्वतः दिवसभर उचक्या देत असतो. नियम मात्र सगळ्यांना एकच. पुरुषाने बाईला सांगायचा, बाईने पुरुषाला. आणि सांगितला की सांगणाऱ्याकडून तो जातो. म्हणून माणसं तो मरणाच्या दारात सांगतात. मॅलकीला त्याच्या आत्याने दुपारी सांगितला आणि दिवेलागणीला ती गेली. मॅलकीनंतर तो माझ्याकडे यायचा होता. इतकी वर्षं संसार केला, पण मी कधी विचारलं नाही. माझं होतं ते माझ्याकडे येणारच, असं धरून चालले होते.

आणि ही कालची फिलिपा! झाडपाल्याच्या जुन्या औषधांचा इतिहास शोधायला विद्यापीठातून आलेली. माझ्याच चुलीपाशी बसून माझाच सोडा ब्रेड लोणी थापून खायची आणि मॅलकीच्या आत्याला कोणी सांगितलं, त्याला कोणी, असं मागे मागे जायची. शेवटी एका मठातल्या संन्याशाच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथीपर्यंत पोचली.

"संन्यासी म्हणजे पुरुषच ना?" मॅलकीने तेव्हा विचारलं होतं. "मग त्याला कुठल्या बाईने सांगितला? आणि मठात ती करत काय होती?"

हे आठवून माझं डोकं आणखीच फिरलं. गमबूट चढवले आणि तरातरा तिच्या भाड्याच्या घरी गेले.

दारात ही रांग! पोरं, वासरं, एक मेंढी, आणि काहीच झालेलं नसताना नुसता बघायला आलेला टपालवाला. फिलिपा उंबऱ्यावर उभी, रडवेली झालेली.

"मिसेस मल्व्ही, तुम्ही तरी सांगा यांना. मी डॉक्टर आहे, पण तसली डॉक्टर नाही हो!"

"इलाज घेतलास ना? मग दारातल्याला नाही म्हणता येत नाही," मी म्हटलं. "आणि थँक्यू कुणी म्हणायचं नाही. गुण जातो."

पॅकीने वासराची दोरी तिच्या हातात दिली. "थँक्यू," ती म्हणाली.

"गेला गुण!" रांग एका सुरात ओरडली.

"पण माझ्याकडे खरंच काही नाही!" फिलिपाने खिशातून फोन काढून दाखवला. "त्यांनी सांगितलं ते सगळं यात आहे."

झालं. आता फोन बाई की पुरुष यावरून वाद पेटला. टपालवाला म्हणाला, त्याच्या फोनमध्ये रस्ता सांगते ती तर बाईच आहे, चांगली तोंडाळ आहे.

"म्हणजे अर्धा इलाज फोनमध्ये," पॅकी विचार करून म्हणाला. "मग वासराला फोन चोळू का?"

त्याने तो चोळलाही. मी फिलिपाचं मनगट धरलं आणि तिला ओढत घरी आणलं.

मॅलकी चुलीपाशी चहा पीत बसला होता. मला बघून त्याने कप खाली ठेवला.

"मेल्या, मी काय मेले होते? माझ्या वाटणीचं परक्या बाईच्या पदरात घातलंस? तेही धडधाकट असताना?"

त्याने चिमट्याने विस्तव सारखा केला. मग म्हणाला, "मागच्या मंगळवारी मी बाजाराला गेलो नव्हतो, डिंफे. स्लायगोच्या दवाखान्यात गेलो होतो. छातीत काहीतरी दिसतंय म्हणाले. अजून तपासायचंय."

मी त्याचा कप उचलून बाजूला ठेवला.

"तुझ्यासमोर सांगायला बसलो असतो, तर पहिल्या शब्दालाच तुला कळलं असतं की मी निघालो. तुझ्या तोंडाकडे बघून नसतं जमलं. हिच्याकडे बघून काहीच वाटलं नाही."

"थँक्यू," फिलिपा सवयीने म्हणाली.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मी फिलिपाला खुर्चीत दाबून बसवलं. "सांग त्याला परत."

"पण त्यांनीच तर मला..."

"बाईने पुरुषाला. नियमात बसतं."

"आणि माझा शोधनिबंध?"

"तुझ्याकडून गेला की छाप खुशाल. नुसता पाला उरेल त्यात."

मॅलकीने मान वर केली. "आणि मग तुला कोण सांगणार?"

"कोणी नाही. मला नकोय तो. पोटात ठेवायचा आणि जगायचं, समजलास? माझ्या कानाशी आलास तर तंगडं मोडून ठेवीन."

 त्याने खुर्ची फिलिपाकडे वळवली.

मी अंगणात आले आणि दार ओढून घेतलं. औषधाचं भांडं लग्नापासून मीच घासत आलेय. त्याच्या तळाला कुठला पाला चिकटतो ते मला ठाऊक नसेल होय? पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याने सांगणं वेगळं. आतून फिलिपाचा बारीक आवाज सुरू झाला, तशी मी दोन्ही कानांत बोटं खुपसली आणि तिथेच उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.