यादीत नसलेलं नाव

मी मोबाइल बोलतोय. निरोप पोचवणं हेच माझं काम होतं, आणि ऐन वेळी तेच मला जमलं नाही.

पहिल्या मालकाने मला अडगळीत टाकलं होतं. सोलापुरात कॉम्प्युटर शिकणाऱ्या अपेक्षाने मला उचललं आणि माझ्यात लिनक्स नावाची वेगळी प्रणाली घातली. सिमकार्ड काही चालेना. वायफाय मिळालं तर आवाजाचे निरोप तेवढे येत-जात. तिचे वडील बिरप्पा आठ महिने मेंढ्या घेऊन फिरतात. त्यांचा साधा फोन कॅनॉलमध्ये पडला, म्हणून माझी वर्णी लागली. आई मायाक्का यंदा आजारी, सांगोल्याकडे घरीच होती.

वायफाय जोडायला दोन सॉफ्टवेअर होती. एक ऐसपैस, बटणांचं. नवं वायफाय दिसलं की पासवर्ड विचारणारं. पण ते माझी बॅटरी दुपारीच संपवायचं, आणि मेंढ्यांच्या तळावर चार्जिंग कुठलं? दुसरं हलकं. लिहून दिलेली नावं तेवढी ओळखायचं, पण बॅटरी दोन दिवस टिकायची. अपेक्षाने हलकं निवडलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"आप्पा, कुणाकुणाच्या रानात बसता तुमी?" तिने विचारलं.

बिरप्पांनी नावं सांगितली. खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेणारे शेतकरी वर्षानुवर्षं ठरलेले. अपेक्षाने त्यांचे पासवर्ड मिळवून माझ्यात लिहिले. यादीबाहेर मुक्काम पडला तर काय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

यादीतल्या आबासाहेबांच्या श्रीपूरच्या रानात यंदा ऊस उभा होता, मेंढ्या बसवायला जागा नव्हती. तळ हलला तो लांब नातेपुत्याकडे, अनोळखी मानसिंगच्या रानात. त्याने आपणहून पासवर्ड दिला, मला उलटसुलट करून पाहिलं.

"मामा, ह्यात लिवायला जागाच न्हाय की. नंबर सांगा, माझ्यावरनं लावतो."

"नंबर पाठ न्हाय रं. ऱ्हाऊ दे, पंधरा दिसांनी माघारी श्रीपूरला जायचंच हाय."

मानसिंगचं वायफाय मला दिसत होतं. यादीत नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

परतताना आबासाहेबांच्या घराजवळ ओळखीचं नाव सापडलं. अकरा निरोप एकदम आले. बिरप्पांनी ऐकायचं बटण दाबलं.

"अवं, कुटं हाय तुमी? लई दम लागतुय मला. या की," मायाक्का म्हणत होती.

पुढचे सगळे अपेक्षाचे. शेवटचा चार दिवसांपूर्वीचा. "आप्पा, आई गेली. आबासाहेबास्नी इचारलं, तुमी कुटं हाय कुणालाच ठावं न्हाय. सांजंपातुर वाट बघितली."

बिरप्पा रस्त्यातच खाली बसले. मेंढ्या पुढे निघून गेल्या.

आता मी अपेक्षाच्या टेबलावर आहे. मला पुसून ती ते ऐसपैस सॉफ्टवेअर घालणार आहे. पोरी, तुझं चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. तुझं, आप्पांचं, माझं, तिघांचंही चुकलं. खुशाल पूस मला. पण आधी आईचा तो निरोप काढून आप्पांना दे. तिच्या आवाजाचं त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही.