भोंग्याची परात

आमच्या घरात दोघं जण जेवत नाहीत, गिळतात. एक माझे यजमान आनंदराव आणि दुसरा त्यांनीच बाजारातून उचलून आणलेला कुत्रा.

यजमानांचं मी समजू शकते. जवाहरनगरच्या फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी झाली. जेवणाचा भोंगा झाला की डबा उघडायचा आणि पुढचा भोंगा व्हायच्या आत हात धुऊन मशीनपाशी उभं राहायचं. रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडलं, अड्याळला घर बांधलं, तरी यांच्या कानातला भोंगा काही बंद झाला नाही. मी शेवटची भाकर तव्यावरून उतरवते न उतरवते तोच यांचं ताट चाटूनपुसून साफ. वर मलाच विचारणार, "झालं का तुमचं?" माझं अजून वाढून घ्यायचं असतं.

पण कुत्र्याला कोणती ड्यूटी होती? आठवडी बाजारात कोंबडीवाल्याच्या दुकानामागे एका आतड्यावर पाच-सहा पिल्लं तुटून पडली होती, त्यांत सगळ्यांत खाली दबलेलं हे तांबडं पिल्लू. हे गेले होते वांगी आणायला. वांगी राहिली बाजारात, पिशवीतून पिल्लू आलं. भाताच्या गंजावरचं झाकण वाजलं की ते मान वर करून असं काही रडायला लागायचं की यांनी हसत हसत त्याचं नाव भोंग्या ठेवलं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरात असून नसल्यासारखा होता. पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचा. यांना इतक्या दिवसांनी हसताना पाहिलं, म्हणून मीही वांग्यांचा विषय काढला नाही.

भोंग्याचं जेवण मात्र बघवत नव्हतं. ताटली खाली ठेवायच्या आधीच त्याचं तोंड त्यात. चावणं नाही, श्वास घेणं नाही. ताटली ढकलत ढकलत सपरीतल्या खांबापासून थेट अंगणात. मग ठसका, मग उलटी, आणि उलटीवरही तोच ताव. आमची पंगत बसली की याच्या उड्या सुरू, कोणाच्या हातातला घास, कोणाच्या मांडीवरचा पापड. तेही एक वेळ चाललं असतं. पण खाताना कोणी जवळून गेलं तरी तो गुरगुरायचा, आणि एका दुपारी आमच्या नातीने, खुशबूने, त्याच्या ताटलीशेजारी पडलेला आपला चेंडू उचलायला हात घातला तेव्हा त्याने तिच्या बोटाला दात लावला.

जखम फार नव्हती, ओरखडाच होता. दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली. पण जीवन, माझा मुलगा, संध्याकाळी कामावरून आला तो तोंड लाल करूनच.

"माय, आता पुरे झालं. आज बोटावर निभावलं, उद्या तोंडावर गेला तं? मी याले कोंढ्याले नेऊन सोडतो, मामाच्या वावरात."

कोंढ्याला माझा भाऊ धर्मेंद्र शेती करतो. त्याच्या वावरातल्या खोपटाला बांधलेला चांगला मोठा कुत्रा मागच्या हिवाळ्यात बिबट्याने उचलला होता. भोंग्या तर अजून यांच्या चपलेएवढा.

"वावरात बिबट येते, माहीत हाय ना तुले?"

"मंग काय पोरीले चावू द्याचं?"

त्याचंही चूक नव्हतं, बाप होता तो पोरीचा. मी यांच्याकडे पाहिलं. हे भोंग्याला जवळ ओढून त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मला भरून आलं. आणि मला भरून आलं की लगेच राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

"ऐक जीवन," मी म्हटलं. "पुनवेले आपल्या घरी भंतेजीचं भोजनदान हाय. अर्धं गाव अंगणात राहीन, चहूकडे अन्न राहीन. त्या दिवशी यानं कोणावर दात काढला, तं मी सोता याले कोंढ्याले नेऊन देईन."

"अन् नाही काढला तं?"

"तं या घरात पुन्हा कोंढ्याचं नाव काढाचं नाही."

"अन् तोवर खुशबू त्याच्या ताटलीजवळ जाणार नाही."

"नाही जाणार."

बोलून बसले. पण मला काळजी नव्हती. क्वार्टरच्या दोन खोल्यांत दोन पोरं वाढवली मी, आणि दोघांनाही दोडकं खायला लावलं. हे तर कुत्र्याचं पिल्लू.

सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. शेजारची तुळसा म्हणाली, "काठी ठेव बाजूले. दोन रट्टे बसले का येते वठणीवर." जीवनने मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, त्याच्या घरात कुत्र्याला वेगळी खोली होती. यांचं म्हणणं, "भूक भागत नसन त्याची. थोडा भात वाढवून पाह्य." मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भोंग्याला ताटली देऊन समोर पाटावर बसले. तो खात होता, पण त्याचा एक डोळा माझ्या हातावर होता. शेपूट पोटाखाली. मला एकदम कळलं की हा हावरा नाही, घाबरट आहे. याच्या डोक्यात अजून ते कोंबडीवाल्याच्या दुकानामागचं आतडंच आहे, आणि आपण सगळे त्याला ते हिसकायला आलेले दिसतो. अशाला काठी दाखवली तर तो आणखी घाईने गिळेल, दुसरं काय?

मग मी माझ्या रीतीने सुरुवात केली. ताटली बंद केली आणि जुनी मोठी परात काढली. तिच्यात भात-वरण पातळ पसरायचं आणि मधोमध पाट्यावरचा वरवंटा उभा करायचा. आता त्याला गोल फिरत, वरवंट्याच्या कडेकडेने चाटत खावं लागे. एका घासात काही येईना. परात जड, त्यामुळे ढकलत न्यायचीही सोय नाही. पहिल्या दिवशी त्याने वरवंट्यावर गुरगुरून पाहिलं. वरवंटा काही बोलला नाही.

दुसरं, तो खात असताना मी मुद्दाम जवळून जायची आणि जाता जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या तोंडापुढे टाकायची. काढून काही घ्यायचं नाही, उलट वरून घालायचं. आठवड्याभरात माझा हात दिसला की गुरगुरण्याऐवजी शेपूट हलायला लागलं. खुशबू हे सगळं उंबरठ्याच्या आतून बघत असे. तिला बाहेर यायला बंदी होती.

तिसरं काम सगळ्यांत अवघड, थांबायला शिकवायचं. आमच्याकडे जेवणाआधी हात जोडून त्रिसरण म्हणायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर यांच्या घाईमुळे ते भाकरीच्या वाफेबरोबर उडून जायचं. मी ते पुन्हा नीट सुरू केलं. सपरीतल्या खांबापाशी परात ठेवायची, यांनी भोंग्याला दोन्ही हातांनी मांडीशी धरायचं आणि सगळ्यांनी सावकाश त्रिसरण म्हणायचं. शेवटी "साधु, साधु, साधु" म्हणताना यांनी हात सोडून जोडले की भोंग्याला मोकळीक. मध्येच त्याने हिसका मारला तर परात वर आणि त्रिसरण पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या रात्री इतक्यांदा म्हणावं लागलं की भात पार गार झाला.

"जीवनची माय, मी म्हातारा माणूस हावो," हे कळवळून म्हणाले. "कुत्र्याच्या शिक्षेत मले काहून उपाशी ठेवून राहिली?"

"तुमच्याच बाजूले बसते ना तो? तुम्ही गपागप गिळता, ते पाहून तोबी गिळते. तुम्ही हळू खा, तोबी हळू खाईन."

हे हळू खायला लागले, असं मी म्हणणार नाही. पण प्रयत्न करायला लागले. दोन घास झाले की मान वर करून माझ्याकडे बघायचे, भोंग्यासारखेच. आणि पौर्णिमा जवळ येईपर्यंत भोंग्या त्रिसरणभर यांच्या अंगाला अंग लावून बसायला शिकला. ठसका गेला, उलटी गेली. मी तुळसाला मुद्दाम बोलावून दाखवलं.

पुनवेच्या सकाळी अंगण भरलं. ताडपत्रीखाली सतरंज्या, समोर भंतेजींचं आसन. भंतेजींना बारा वाजायच्या आत जेवायचं असतं, म्हणून सगळी लगबग. त्यांचं अन्न आत स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं होतं. मागच्या रांगेत, सपरीजवळ, हे भोंग्याला मांडीशी धरून बसले होते. बांधून ठेवू का, असं जीवनने विचारलं तेव्हा मीच तोऱ्यात म्हटलं होतं, "कायले? शिकलेला कुत्रा हाय माझा."

पंचशील झालं. सगळ्यांनी हात जोडून एका आवाजात म्हटलं, "साधु, साधु, साधु."

यांनीही हात जोडले. न जोडून कसं चालेल?

घरी आमचं एकच त्रिसरण आणि शेवटी एकदाच साधु. इथे वंदना पुष्कळ उरली होती, जेवणाला अजून अवकाश होता, पण हे भोंग्याला कोण सांगणार? तो उठला आणि शहाण्या पोरासारखा आपल्या खांबापाशी गेला. आणि नेमकं तिथेच तुळसाने पंगतीचा भात निवायला पसरून ठेवला होता, घमेल्याएवढ्या मोठ्या परातीत! त्याची जागा, परात समोर, साधु म्हणून झालेलं. त्याने तोंड घातलं.

कोणीतरी "अरे अरे" केलं. कोणीतरी हसलं. जीवन उठला. "पाह्य माय," एवढंच बोलला तो. यांचे हात तसेच जोडलेले राहिले होते. मी उठायला गेले तर पदर तुळसाच्या गुडघ्याखाली अडकला.

आणि तेवढ्यात खुशबू आईच्या मांडीवरून उतरून सपरीत पोचली. तिच्या हातात अर्धी पुरी होती. रोज उंबरठ्याआडून पाहिलं होतं तसंच तिने केलं. वाकली, आणि ज्या बोटाला दात लागला होता त्याच हाताने ती पुरी भोंग्याच्या जबड्यापाशी, भातावर ठेवली.

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही. कुत्र्याची नाही, माझ्या तोऱ्याची.

भोंग्याने तोंड वर केलं. नाकाला शितं चिकटलेली. तो एक पाऊल मागे सरला, बसला आणि खुशबूच्या हाताकडे बघत शेपूट हलवायला लागला. ती हात काढेना, म्हणून तो खाईना.

"साधु म्हण ना आजी," खुशबू मला म्हणाली.

मी अजून पदरच ओढत होते. भंतेजीच हसले आणि म्हणाले, "साधु, साधु, साधु." भोंग्याने पुरी उचलली, अगदी हळू, ओठांनीच.

भाताचा दुसरा गंज चुलीवर होता, कोणी उपाशी राहिलं नाही. वंदना पुरी झाली, भंतेजींचं भोजन झालं, मग पंगत बसली. जीवन मात्र जागेवर नव्हता. मला वाटलं रागाने निघून गेला. तर तो स्वयंपाकघरातून आला, हातात धुतलेला वरवंटा. खांबापाशी जाऊन त्याने तो भोंग्याने उष्टावलेल्या भातात मधोमध उभा केला.

"हे ठेवाचं राहिलं होतं, माय," तो म्हणाला. कोंढ्याचं नाव काही त्याने काढलं नाही.

यांच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि ते ती पुसतही नव्हते. मी त्यांच्यापुढे पत्रावळ मांडली, भात वाढला, वरण वाढलं. भोंग्या वरवंट्याभोवती गोल फिरत खात होता आणि हे त्याच्याकडे बघत एकेक घास चावत होते. पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, तुळसा अंगण झाडायला आली. तरी आनंदराव जेवतच होते.