थंड पाण्याचा पेला

मी एक जुनी किटली आहे, मित्रांनो, पण चहाची नव्हे, कॉफीची. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि एवढी मोठी की भरल्यावर मला उचलायला दोघी लागतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका लहान गावी, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात माझा जन्म सरला. वर प्रवचन, खाली कॉफी. माणसे खाली जास्त वेळ थांबत, हे पाळकसाहेबही जाणून होते.

आमची कॉफी अंड्याची. नाक मुरडू नका! आर्डिस कॉफीच्या भुकटीत टरफलासकट अंडे फोडून कालवायची आणि तो लगदा माझ्या उकळत्या पाण्यात सोडायची. फेस गळ्याशी आला की वरून पेलाभर थंड पाणी ओतायचे. मग सारा गाळ गोळा होऊन तळाशी बसे आणि कॉफी मधासारखी नितळ होई. तो पेला ओतायचे काम लव्होनचे. लग्नाआधीपासूनच्या मैत्रिणी त्या दोघी.

"ओत की गं, का येशू परत येईपर्यंत थांबणार आहेस?" आर्डिस म्हणायची.

"तुझ्या घाईने चालला असता तर तो मागेच येऊन गेला असता."

आर्डिसचे मत हत्तीला, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला; लव्होनचे गाढवाला, म्हणजे डेमोक्रॅट्सना. "तुझं गाढव यंदा लंगडतंय," "तुझ्या हत्तीला आधी दाराबाहेर काढ," अशी थट्टा चाले आणि केक संपे.

मग ती निवडणूक आली. केकशेजारी कुणीतरी पत्रके ठेवली: खऱ्या ख्रिस्ती माणसाचे मत हत्तीला. पुढच्या रविवारी दुसरा गठ्ठा आला: खऱ्या ख्रिस्ती माणसाचे मत गाढवाला. दोन्हींवर येशू तोच होता. "त्याचा उमेदवारीचा अर्ज भरण्याआधी त्याला कुणी विचारलं का?" पाळकसाहेब म्हणाले, तर दोन्हीकडचे त्यांच्यावर रुसले.

आमच्याकडे उपासनेत उभे राहून कुणासाठी प्रार्थना हवी ते सांगतात. कुणाचे ऑपरेशन असते, कुणाची गाय अडलेली असते. त्या रविवारी लव्होन उठली. "ज्यांना सत्तेपुढे शेजारी दिसेनासा झालाय, त्यांच्यासाठी." कुणासाठी, ते सगळ्यांना कळले. पुढच्या रविवारी आर्डिस उठली. "आपल्या एका बहिणीला खोट्या बातम्यांनी भूल घातलीये, तिच्यासाठी." सगळ्यांनी डोळे मिटून 'आमेन' म्हटले. डोळे मिटूनही भांडता येते, प्रार्थनेएवढी जागा त्याला पुरते. मला मात्र वरच्या मजल्यावरचे हे सारे ऐकून रडू येत होते.

लव्होन तळघरात यायची बंद झाली. दोन कुटुंबे दुसऱ्या चर्चला गेली. बटण दाबायचे कॉफीचे यंत्र आले आणि मी नाताळच्या जुन्या माळा पोटात घेऊन फळीवर जाऊन बसले. यंत्राची कॉफी घेऊन कुणी फार वेळ थांबत नसे.

त्या हिवाळ्यात लव्होनचा नवरा ऑरव्हिल वारला. दफनानंतरचे जेवण तळघरातच होते, आणि एवढ्या गावाला यंत्र काय पुरणार? आर्डिसने मला खाली काढून घासले. किती दिवसांनी तो हात लागला! तिने अंडे कालवले, जाळ मोठा केला. फेस वर चढू लागला. ती हातात पेला घेऊन नुसती उभी राहिली.

"ओता ना," मदतीला आलेली गावातली एक नवी सून म्हणाली.

"ते माझं काम नाही."

ज्या घरी दुःख, त्या घरच्या बाईने त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, अशी आमची रीत आहे. पण कॉफीचा वास तिच्यापर्यंत गेला असावा. काळ्या कपड्यांतली लव्होन दारात आली.

"अगं, उतू जाईल ना ते!"

"मग लवकर ये की."

लव्होनने पेला घेतला आणि ओतला. फेस बसला, गाळ तळाशी गेला. दोघी वाकून बघत राहिल्या. दोघींचेही डोळे भरले होते.

"तुझं मत मला अजून पटत नाही," आर्डिस म्हणाली.

"मलाही तुझं. कप आण."

रविवारी प्रार्थनेच्या वेळी आर्डिस उठली आणि मंडळींनी श्वास रोखला. ती म्हणाली, "लव्होनला झोप लागत नाही. तिच्यासाठी."

नाव घेऊन म्हणाली, मित्रांनो.

आता माझ्या मुलाम्याचे टवके उडाले आहेत. गाढव आणि हत्तीची थट्टा पुन्हा चालू झाली आहे, कधी ती बोचतेही. तुमची मते तुम्ही खुशाल जपा. उकळीही येऊ द्या, तिच्यावाचून कॉफी होत नाही. फक्त कुणी हातात पेला घेऊन तुमची वाट बघत उभे असेल, तर रीत बाजूला ठेवा आणि लवकर या.