दाबयंत्र

नातीने ओळखसुद्धा दाखवली नाही, याचाच देवकूला राग होता. सफरचंदांचा क्रेट टेबलावर ठेवून ती समोर उभी राहिली, तरी वंशिका पाया पडायला उठली नाही. कंपनीची निळी टोपी घालून माल तपासायला बसलेली, जशी काही त्या शीतगृहातच जन्मली होती.

"बागायतीचं कॉलेज शिकवलं, आता बागवाल्यांनाच ओळखत नाही," देवकू मुलाला, केवलला, म्हणाली, पण नातीला ऐकू जाईल अशी.

केवल मागचे क्रेट पुढे ओढू लागला. चूक त्याचीच होती. दिल्लीच्या मंडीत लाल माल उठतो म्हणून त्याने आईला न विचारता झाडांवर रंगाचा फवारा मारला होता. तोडणी झाली आणि खाली डोंगर कोसळून रस्ता बंद पडला. आता वर्षाचं पीक घेणारं हे एकच दार उरलं होतं, आणि इथे नुसत्या रंगावर भागत नव्हतं. माल उन्हाळ्यापर्यंत टिकायचा, म्हणून फळ कडक हवं. फवाऱ्याने ते लाल होतं, तसं आतून पिकतंही.

आत कोणी क्रेटची गाडी चालवत होतं, कोणी खोल्यांची थंडी सांभाळत होतं. झाडावर चढणारा सोडून सगळ्यांना पगार, असं देवकू म्हणाली तेव्हा रांगेतल्या बायका हसल्या.

वंशिकाने सालीचा तुकडा काढून फळाचा कडकपणा मोजणाऱ्या दाबयंत्राची बोथट दांडी गरात रेटली. उकडलेल्या बटाट्यात जावी तशी ती गेली. दुसऱ्या फळातही तशीच. मग तिने क्रेटच्या तळात हात घातला आणि देठाशी जरा हिरवं राहिलेलं फळ काढलं. तेही मऊ. पुन्हा हात तळाशी गेला. रांग कुरकुरायला लागली.

"मॅडम, पुढचा नंबर घ्या," तिच्या खुर्चीमागे उभा असलेला कंपनीचा साहेब म्हणाला.

तिने ऐकलं नाही. खाली मान घालून ती फळं चाचपत राहिली. देवकूने टेबलावरून वाकून तिचं मनगट धरलं.

"दादी, अजून एक बघू दे," वंशिका पुटपुटली.

"काय बघतेस? सगळी एकाच हाताने फवारलीत." देवकूने क्रेट स्वतःकडे ओढला. "नापास म्हणून सांग त्याला. आणि डोळे पूस, साहेब बघतोय. सख्ख्या आजीला दारातून परत पाठवलंस. आता तुझ्या नोकरीला मरण नाही."