शुक्रवारी लूम बंद असतात

सन दोन हजार तेवीस, वैशाखाचा शेवटचा आठवडा. मी पियानो. पूर्णा गावच्या एका गोदामात उभा होतो. जहाजातून आलेल्या जुन्या खुर्च्या, कपाटं, आणि मध्ये मी. माणसं येत, माझ्या डोक्यावर चहाचे ग्लास ठेवत. माणसांवर विश्वास ठेवणं मी सोडलं होतं.

एक बाई आली. झाकण उघडून मोबाईलच्या उजेडात आत बघू लागली. असं गिऱ्हाईक बघत नाही, चोर बघतो. तिचं नाव मेघाली. दिघाशीच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने मला विकत घेतलं आणि टेम्पोत घालून भिवंडीला आणलं.

खोली दाजींची, एका म्हाताऱ्या लूमवाल्याची. भिंतीपलीकडे त्यांचे कापड विणणारे आठ लूम.

दाजींनी विचारलं, "ठाण्याची शाळा का सोडलीस?"

"बारा वर्षं शिकवलं. पियानोच्या आधी मुलांना चालायला, उड्या मारायला लावते, म्हणून पालकांनी तक्रार केली."

"म्हंजे तुला काढून टाकली."

"काढली."

दाजी हसले नाहीत. "पैशाचं भाडं नको मला. माझ्या नातीनं, सईनं, दिवाळीपर्यंत एक गाणं सबंध वाजवायचं. तेच भाडं. न्हाय तर खोली रिकामी."

बाई हो म्हणाली. म्हाताऱ्याच्या पोटात काय आहे, ते मला कळेना.

वर्ग सुरू झाला. दहा मुलं. माझ्याकडे एकही फिरकेना. बाई स्वतः वाजवी आणि मुलं खोलीभर चालत. सूर वर गेला की टाचा वर. खाली आला की उकिडवी. थांबला की जागच्या जागी गप्प. दोन महिने हेच. बाईला शिकवता येत नाही, ती वेळ काढते, अशी माझी खात्री झाली.

मुलांचा ताल चुकत नव्हता. त्याचंही मला कौतुक नव्हतं. पलीकडे लूमची खटाखट चालू असे आणि पाय त्याच तालावर पडत. हे बाईला कळत नव्हतं, की कळून ती गप्प होती?

सईची आई हौसा दारात उभी राही. "टीचर, पोरगी भांडी घासताना पण नाचते. बोटं कधी चालणार?"

"आधी पाय चालू देत, ताई."

"पाय काय, वर्षाची होती तवापासून चालतात तिचे!"

पाऊस सरता सरता मुलांची बोटं मला लागली.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार दाजींनी नेमला. "शुक्रवारी लूम बंद. नीट ऐकू येल." मी म्हटलं, डाव कळला. लूम बंद तर ताल बंद. याला खोली परत हवी आहे.

त्या दिवशी दाजी खुर्ची टाकून बसले. इतकी शांतता त्या खोलीत मी ऐकली नव्हती. सईने चार सूर वाजवले. हात थांबले. ती भिंतीकडे बघू लागली.

"का गं?"

"आजोबा, लूम नाही."

हौसाने कपाळाला हात लावला. बाईने जमिनीकडे बोट केलं. सई उतरली. अनवाणी एक फेरी चालली. मग दुसरी. पाय एकसारखे पडत होते. तो लूमचा वेग नव्हता. जरा सावकाश होता, तिचा स्वतःचा.

ती परत बसली. गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवलं. कुठे अडखळली नाही.

बाईला मी सहा महिने चुकीचं पारखलं. म्हाताऱ्यालाही. कबूल करायला जड जातं, पण खरं आहे.

दाजी उठले. खोलीची किल्ली त्यांनी बाईच्या हातात ठेवली.

"भाडं फिटलं," म्हणाले.